कागदावरचं कुंग-फू: ली ची चिंग आणि हाँगकाँगच्या चित्रकथांचा धंदा

२०२४ साली जिन योंग या चिनी कादंबरीकारांची जन्मशताब्दी झाली. २०२५ च्या जानेवारीत, चिनी नववर्षाच्या मुहूर्तावर, त्यांच्या कादंबरीवर त्सुई हार्क यांनी काढलेला मोठा सिनेमा लागला. त्यांच्या सगळ्यात गाजलेल्या मालिकेची इंग्रजी भाषांतरं २०१८ पासून येऊ लागलीच होती. त्यामुळे झालंय असं, की पाठीला तलवार बांधून छपरांवरून धावणारे चिनी योद्धे मोबाईलवर, गेममध्ये, पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर सारखे भेटतात. लेखकाचं नाव लोकांना ठाऊक असतं, नटांची तर असतातच. हे योद्धे कागदावर उभे करणारा चित्रकार मात्र मधल्यामधे हरवतो.

त्या हरवलेल्यांपैकी एकाचं नाव ली ची चिंग. जन्म १९६३, हाँगकाँग. १९८१ साली, जेमतेम अठराव्या वर्षी, ते चित्रकथांच्या धंद्यात शिरले. पुढे जिन योंग यांच्या कादंबऱ्यांच्या चित्रकथा काढल्या, त्यांच्या जपानी आवृत्त्यांसाठी चित्रं काढली, एक आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळवला, आणि शेवटी हाँगकाँगच्या टपाल तिकिटांवर त्यांची चित्रं आली. हे वाचून ‘छान, यशस्वी माणूस’ असं म्हणून पान उलटता येईल. पण हा प्रवास किती वाकड्या वाटेचा होता, हे कळायला ज्या धंद्यात तो झाला तो धंदा समजून घ्यावा लागतो. तो बाहेरून दिसतो त्यापेक्षा फार निराळा आहे.

तीन शब्द, एवढेच

पहिला ‘वूश्या’. शस्त्रविद्या येणारा, शब्दाला जागणारा, राजाचा नोकर नसलेला भटका योद्धा आणि त्याच्या कथा. दुसरा ‘च्यांगहू’. हे योद्धे ज्या जगात वावरतात ते जग: खानावळी, डोंगरातले मठ, गुरुकुलांची पिढीजात वैरं, आणि दरबाराच्या कायद्याऐवजी चालणारे स्वतःचे कायदे. तिसरा ‘मानहुआ’, म्हणजे चिनी चित्रकथा. यापुढे नवा शब्द आलाच तर तिथल्या तिथे सांगेन.

एक फसलेली कुस्ती आणि तिच्यातून निघालेलं साहित्य

१७ जानेवारी १९५४ रोजी मकावमध्ये दोन कुंग-फू गुरूंचा जाहीर सामना झाला. एक होते वू गोंगयी, ताई ची शैलीचे, पन्नाशी ओलांडलेले. दुसरे चान हाक-फू, श्वेत क्रौंच शैलीचे, वयाने बरेच तरुण. निमित्त धर्मादाय निधीचं होतं. हाँगकाँगमधून बोटी भरभरून लोक गेले. वर्तमानपत्रांनी आठवडाभर आधीपासून हवा तापवली होती.

सामना दुसऱ्या फेरीतच थांबवावा लागला. थोडी धक्काबुक्की, एकाच्या नाकातून रक्त, आणि कुणीच जिंकलं नाही असा निकाल. त्या लढतीचं चित्रीकरण आजही पाहायला मिळतं, आणि खरं सांगायचं तर ते पाहून हसू येतं. शतकानुशतकांची कीर्ती असलेल्या दोन शैली प्रत्यक्षात आमनेसामने आल्या की गल्लीतल्या भांडणासारख्या दिसतात.

पण लोकांची भूक चाळवली गेली होती. ‘न्यू ईव्हनिंग पोस्ट’ या हाँगकाँगच्या सायंदैनिकाने काही दिवसांतच ल्यांग यूशेंग यांची वूश्या कादंबरी रोजच्या हप्त्यांत छापायला सुरुवात केली. पुढच्याच वर्षी, १९५५ मध्ये, त्याच पत्रात त्यांचे सहकारी जिन योंग लिहू लागले. १९५९ मध्ये त्यांनी ‘मिंग पाओ’ हे स्वतःचं दैनिक काढलं आणि १९७२ पर्यंत हप्त्याहप्त्याने कादंबऱ्या लिहिल्या. मुख्य भूमीवर कम्युनिस्ट राजवटीने असल्या साहित्याला थारा दिला नव्हता. तैवानातही जिन योंग यांच्यावर १९७९ पर्यंत बंदी होती. ब्रिटिशांच्या ताब्यातलं हाँगकाँग या दोन्हींच्या फटीत होतं, म्हणून हे सगळं तिथे वाढलं.

रोजच्या हप्त्याबरोबर एक छोटं चित्र असे. युन जुन या टोपणनावाने काढणाऱ्या चित्रकाराची ती रेखाटनं कित्येक वाचकांच्या डोक्यात पक्की बसली. खरी मारामारी निराश करते, लिहिलेली मारामारी रंगते, आणि तिला डोळ्यांसमोर उभं करायला चित्र लागतं. या साहित्यप्रकारात चित्रकाराची गरज अशी पहिल्या दिवसापासून होती.

चित्रकथा आल्या कुठून?

१९२० च्या दशकात शांघायमध्ये तळहाताएवढ्या चित्रपुस्तिका निघू लागल्या. पानावर एक चित्र, खाली किंवा बाजूला दोन-चार ओळी. रस्त्याकडेच्या टपऱ्यांवर त्या भाड्याने मिळत. पोरं फळकुटाच्या बाकावर बसून तिथल्या तिथे वाचून परत देत. ‘तीन राज्यं’ आणि ‘पाणथळीतले बंडखोर’ यांसारख्या जुन्या कथा, भुतं, तलवारबाज, सगळं त्यांत होतं. हाँगकाँगच्या चित्रकारांच्या मागे ही परंपरा उभी आहे.

१९७० मध्ये वाँग युक-लाँग नावाच्या वीस वर्षांच्या पोराने ‘छोटे गुंड’ अशा अर्थाच्या नावाची चित्रकथा सुरू केली. पुढच्याच वर्षी शांगगुआन श्याओबाओ यांनी थेट ब्रूस लीलाच चित्रकथेचा नायक केलं. वाँग यांचे नायक सरकारी वसाहतींतली गरीब मुलं. ती गल्लीतल्या टोळ्यांशी हातघाईवर येत. वाचणारेही त्याच वसाहतींतले, कारखान्यांत काम करणारे तरुण. पानापानावर रक्त सांडे, आतडी बाहेर येत. पालक, शिक्षक, वर्तमानपत्रं सगळेच खवळले, आणि १९७५ मध्ये हाँगकाँग सरकारने अनिष्ट प्रकाशनांवर कायदा आणला.

म्हणजे मुलं बिघडतात हा आरोप खराच होता की!

अर्धा खरा होता. सुरुवातीचे ते अंक खरोखरच बीभत्स होते. चित्रकथांचे चाहते ते आज ‘काळाचं प्रतिबिंब’ वगैरे म्हणून सावरून घेतात, मला ते पटत नाही. पण कायद्याने जे झालं ते सरकारच्याही ध्यानीमनी नसेल. आधी प्रकाशकांनी पळवाट काढली: दैनिक वर्तमानपत्राला कायद्याची पकड सैल होती, म्हणून त्यांनी चित्रकथाच दैनिकाच्या रूपात काढल्या. मग वाँग यांनी आपल्या मालिकेचं नाव बदलून ‘ड्रॅगन-व्याघ्र द्वार’ असं भारदस्त केलं. नायक गल्लीतले गुंड न राहता एका पंथाचे शिष्य झाले. चाकू-सुरे मागे पडले आणि त्यांच्या जागी आलं आंतरिक बळ, म्हणजे श्वासाच्या साधनेने शरीरात साठवलेली आणि तळहातातून बाहेर फेकता येणारी शक्ती.

तळहातातून निघालेल्या झोताने शत्रू वीस हात उडाला, तर रक्त दाखवायची गरज उरत नाही. हाँगकाँगच्या चित्रकथांत आज जे रंगीत झोत, भोवरे आणि विजा दिसतात त्यांच्यामागे कल्पनाशक्ती आहेच, पण एका कायद्याची टांगती तलवारही आहे. चित्रकारांना अचानक असं काही काढावं लागलं जे कुणी कधी पाहिलेलंच नव्हतं.

दर आठवड्याला एवढी चित्रं एक माणूस कशी काढतो?

काढत नाही. हे कळलं की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

हाँगकाँगची नमुनेदार चित्रकथा म्हणजे मोठ्या आकाराचा, पातळ, रंगीत साप्ताहिक अंक. तीस-चाळीस पानं, दर आठवड्याला, न चुकता. पेणच्या गणपतींच्या कारखान्यात कुणी साचा भरतं, कुणी जोड घासतं, कुणी पितांबराचा रंग लावतं आणि डोळ्यांची आखणी मात्र मुख्य कारागीर स्वतः करतो. हे काम त्याच चालीचं आहे. मुख्य चित्रकार पानाची मांडणी ठरवतो आणि नायकाचे चेहरे काढतो. एक सहायक इमारती काढतो, दुसरा कपड्यांच्या चुण्या, तिसरा वेगाच्या रेषा, चौथा रंग भरतो. कथा लिहिणारा आणखी वेगळा. मुखपृष्ठावर नाव एकाचंच.

ही पद्धत मोठ्या प्रमाणावर बसवली वाँग यांनीच. १९८६ मध्ये त्यांची कंपनी हाँगकाँगच्या शेअर बाजारात उतरली. चित्रकार हा कंपनीचा मालक, आणि त्याच्या ठोशांचे शेअर लोक विकत घेतायत! पुढच्याच वर्षी जगभरचे बाजार कोसळले, कंपनी हातातून गेली, आणि १९९१ मध्ये हिशेबातल्या खोट्या नोंदींच्या गुन्ह्यात वाँग यांना चार वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांनी पुन्हा नवी कंपनी काढली आणि पुन्हा साप्ताहिकं सुरू केली. माणूस चिवट, यात शंका नाही.

मग तो नायक कुणाचा?

या प्रश्नाचं उत्तर मा विंग-शिंग यांच्या कारकिर्दीत आहे. जन्म १९६१. शाळा लवकर सुटली, कोवळ्या वयात सहायक म्हणून कामाला लागले, आणि वाँग यांच्या कंपनीत त्यांनी ‘चायनीज हीरो’ ही मालिका उभी केली. १९८० च्या दशकात तिने विक्रीचे उच्चांक गाठले. मा यांनी जपानी चित्रकार र्‍योइची इकेगामी यांचा अभ्यास केला होता. हाडामांसाची खरी शरीरं, चेहऱ्यावर खरी सावली, आणि महत्त्वाच्या पानांवर रेषेऐवजी थेट रंगचित्र. त्याआधीच्या चित्रकथांमधले लढवय्ये त्यांच्या शेजारी ठेवले तर रबराचे वाटतात.

१९८९ मध्ये मा बाहेर पडले. नायक मागे राहिला. ती मालिका जुन्या कंपनीत दुसऱ्या हातांनी चालू राहिली, कारण कारखान्यात घडलेली मूर्ती कारखान्याची असते. मा यांनी स्वतःची प्रकाशनसंस्था काढली आणि वारा व मेघ या नावांच्या दोन गुरुबंधूंची कथा शून्यापासून सुरू केली. ती ‘स्टॉर्म रायडर्स’. १९९८ मध्ये तिच्यावर सिनेमा निघाला. आरोन क्वोक आणि एकिन चेंग त्यात होते, आणि संगणकावर केलेली दृश्यं एवढ्या प्रमाणात हाँगकाँगच्या पडद्यावर त्याआधी दिसली नव्हती. मालिका २०१५ मध्ये संपली. सव्वीस वर्षं एकच गोष्ट!

म्हणजे चित्रकारापुढे दोन वाटा होत्या. दुसऱ्याच्या कारखान्यात राबायचं, किंवा स्वतःचा कारखाना काढायचा. दोन्हींत हात अनेकांचे आणि नाव एकाचं. ली ची चिंग यांची कारकीर्द मला लक्षवेधी वाटते ती यासाठी, की त्यांनी हळूहळू तिसरी वाट धरली. वाटून देता येणारच नाही अशा हत्याराकडे ते गेले.

कुंचला वाटून का देता येत नाही?

टाकाने किंवा पेनने काढलेली रेषा बऱ्यापैकी समजूतदार असते. आधी पेन्सिलीने आखा, मग शाईने गिरवा, चुकलं तर पांढऱ्या रंगाने झाका. एकाने आखलेलं दुसरा गिरवू शकतो. चिनी कुंचल्याचं तसं नाही. पारंपरिक कागद, ज्याला शुआन कागद म्हणतात आणि जो मूळचा आन्हुई प्रांताचा, तो शाई टेकताक्षणी पिऊन टाकतो. हात थबकला तिथे डाग पसरतो. हात घाईत गेला तर केस कोरडे पडतात आणि रेषेच्या आत कागदाच्या पांढऱ्या रेघा उमटतात. या कोरड्या फटकाऱ्याला चिनी चित्रकार ‘फेइबाय’ म्हणतात आणि तो मुद्दाम वापरतात. खोडायची सोय नाही. गिरवायचीही नाही, कारण गिरवलेला फटकारा मेलेला दिसतो.

म्हणून फटकाऱ्याची गती काढणाऱ्याच्या खांद्यातून आणि मनगटातून येते, आणि ती कागदावर नोंदली जाते. लढाईच्या चित्राला नेमकं हेच हवं असतं. साप्ताहिकातला सहायक वेगाच्या रेषा पट्टीने आखतो. कुंचल्याने काढणाऱ्याला त्या वेगळ्या आखाव्या लागत नाहीत, तलवार दाखवणारा फटकाराच वेगाने गेलेला असतो.

ली यांना हे एका दिवसात सुचलं असं नाही. त्यांनी रीतसर चित्रकथाही ढीगभर काढल्या. जपानी लेखक युऊ तेराशिमा यांच्या संहितेवर ‘तीन राज्यं’ची लांबलचक चित्रकथा त्यांनी जपानी वाचकांसाठी काढली. जपानच्या तोकुमा शोतेन या प्रकाशनाने जिन योंग यांच्या कादंबऱ्या जपानीत आणल्या, तेव्हा त्यांची चित्रंही ली यांच्याकडे आली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी जिन योंग यांची गरुड-शिकारी नायकाची महाकादंबरी चित्रकथेत आणली. याच सुमारास वाँग आणि मा हेही आपापल्या परीने जिन योंग यांच्या दुसऱ्या कादंबऱ्यांकडे वळले. एकच लेखक, तीन चित्रकार, तीन हात. शेजारी ठेवून पाहिलं तर फरक लगेच कळतो: वाँग आणि मा यांची पानं काठोकाठ भरलेली, ली यांच्या पानांना मोकळी हवा.

जे कुणी पाहिलं नाही ते काढायचं कसं?

जिन योंग यांचे डाव बहुतेक वेळा नावात राहतात, शरीरात नाही. ग्वो जिंग हा त्यांचा साधाभोळा नायक ‘ड्रॅगनला नमवणारे अठरा तडाखे’ शिकतो. त्यातल्या एका तडाख्याचं नाव ‘यीजिंग’ या प्राचीन ग्रंथातून उचललेलं आहे: अति उंच गेलेल्या ड्रॅगनला पस्तावा होतो. गुरू त्याला सांगतो, की या तडाख्याचं सार मारण्यात नाही, राखून ठेवण्यात आहे. बळ सगळं खर्च करायचं नाही.

आता हे काढा! साप्ताहिकाचं उत्तर सोपं आणि दणदणीत असतं: तळहातातून सोनेरी ड्रॅगन बाहेर येतो आणि दोन पानं व्यापतो. पोरं खूश. पण राखून ठेवलेलं बळ त्यात कुठे दिसलं? ते दाखवायचं तर मागचा गुडघा वाकलेला हवा, वजन अजून मागच्या पायावर हवं, कोपर पूर्ण ताणलेलं नको, बाही पुढे गेलेली पण हात अजून मागे. म्हणजे चित्रात माणूस ठोसा मारताना नाही, मारायच्या एक क्षण आधी पकडायचा. चित्रकथेत हा क्षण पुढच्या चौकटीत पूर्ण करता येतो. पुस्तकातल्या सुट्या चित्राला पुढची चौकट नसते. तिथे पुढचा क्षण वाचकाच्या मनात घडवून आणावा लागतो. चित्रकथाकार आणि पुस्तकाला चित्रं काढणारा यांच्या कामातला मोठा फरक हाच. ली दोन्ही करतात, आणि माझ्या मते त्यांचा खरा कस सुट्या चित्रांत लागतो.

याहून अवघड प्रकरण म्हणजे लिंगहू चोंग या दारुड्या, गमत्या नायकाची तलवार. त्याची विद्या अशी, की तिला ठरलेला डावच नाही. डाव असला की तो तोडता येतो, डावच नसेल तर तोडणार काय? समोरच्याची चूक दिसली की तिथे तलवार. सिनेमा याच्यापुढे हात टेकतो आणि नटाला गरागरा फिरवतो. कुंचल्याला इथे थोडी सोय आहे. अर्धवट सोडलेली रेषा, कोऱ्या कागदात विरून गेलेलं पातं, शत्रूचा फक्त दचकलेला खांदा. जे ठरलेलं नाही ते काढलंच नाही तरी चालतं. चिनी चित्रकलेत कोरी जागा ही चित्राचाच भाग मानली जाते, धुकं किंवा पाणी म्हणून डोळा ती भरून काढतो. लढाईत तीच जागा वेग होते.

हे सगळं जपान्यांकडून उचललेलं नाही का?

हा आक्षेप नेहमी येतो, आणि मा यांच्यापुरता तो काही अंशी खरा आहे, हे वर आलंच. पण देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. २००७ मध्ये जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाने परदेशी चित्रकथाकारांसाठी आंतरराष्ट्रीय मांगा (म्हणजे जपानी चित्रकथा) पुरस्कार सुरू केला. तेव्हाचे परराष्ट्रमंत्री तारो आसो स्वतः चित्रकथांचे नादिष्ट वाचक, कल्पना त्यांचीच. पहिल्याच वर्षी २६ देश आणि प्रदेशांतून १४६ प्रवेशिका आल्या, आणि सर्वोच्च पुरस्कार मिळाला ली ची चिंग यांच्या, सुन त्झू या प्राचीन चिनी रणनीतिकाराच्या युद्धनीतीवरच्या चित्रकथेला. उरलेल्या तीन विजेत्यांमध्येही आणखी एक हाँगकाँगकर होता.

निवडही मजेशीर आहे. सुन त्झूचा तेरा प्रकरणांचा ग्रंथ सांगतो, की शंभर लढाया जिंकणं ही सर्वोत्तम गोष्ट नाही, न लढता शत्रूला नमवणं ही सर्वोत्तम. म्हणजे उभा जन्म मारामाऱ्या काढणाऱ्या चित्रकाराला मोठा मान मिळाला तो मारामारी टाळायला सांगणाऱ्या पुस्तकासाठी. शिवाय त्या ग्रंथात सलग गोष्ट नाही, पात्रं नाहीत, नुसती सूत्रं आहेत. त्यांची चित्रकथा करायची म्हणजे गोष्ट बाहेरून, इतिहासातून आणावी लागते. ‘तीन राज्यं’ काढताना लष्कराच्या लष्कर पानावर उतरवायची सवय इथे कामी आली असणार.

पण दुसऱ्याच्या कादंबरीला चित्रं काढणं म्हणजे दुय्यम कामच ना?

लेखक मोठा, चित्रकार त्याचा सेवक, असं आपल्याकडेही सर्रास मानलं जातं. जिन योंग यांच्या बाबतीत तर लेखकाची छाया फारच लांब. पण चित्रकारापुढची अडचण लेखक ही नसतेच. अडचण असते वाचकाची. पन्नास वर्षं लोकांनी या कादंबऱ्या वाचल्यात, प्रत्येकाच्या डोक्यात ग्वो जिंगचा चेहरा आहे. त्यात १९८३ च्या दूरचित्रवाणी मालिकेत बार्बरा युंग हिने ग्वो जिंगची प्रेयसी हुआंग रोंग साकारली, आणि दोनच वर्षांनी ती ऐन तारुण्यात गेली. हाँगकाँगमधल्या एका सबंध पिढीसाठी हुआंग रोंगचा दुसरा चेहरा असूच शकत नाही. अशा वेळी नवा चेहरा काढणं म्हणजे लोकांच्या आठवणीशी भांडण.

यातून सुटका दोन प्रकारे होते. एक, चेहरा इतका बारकाईने काढायचा की तो जुन्यावर मात करेल. मा यांचा रस्ता तो. दुसरा, चेहरा जेमतेम चार रेषांत सुचवायचा आणि ओळख सगळी उभं राहण्यातून, मानेच्या कलातून, चालण्यातून द्यायची. शाईचा कुंचला या दुसऱ्या रस्त्यावर फार कामाचा, कारण त्याला बारीक नाक-डोळे जमत नाहीत असं नाही, पण त्यांची गरज भासत नाही.

आणि दुय्यमपणाचंच म्हणाल तर, जिन योंग यांनी स्वतः आपल्या कादंबऱ्या पुन्हा पुन्हा सुधारल्या. १९७० च्या दशकात एकदा, पुन्हा १९९९ नंतर. शब्द बदलले, शेवटही काही ठिकाणी हलले. ३० ऑक्टोबर २०१८ रोजी ते गेले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला हाँगकाँगच्या टपाल खात्याने त्यांच्या पात्रांची तिकिटं काढली. तिकिटावर कादंबरी मावत नाही. चित्रं होती ली ची चिंग यांची.

तो धंदा आज कुठे आहे?

आटलाय. पदपथावरच्या वर्तमानपत्रांच्या टपऱ्या कमी झाल्या आणि साप्ताहिकांचा आधारच गेला. वाचक आधी जपानी मांगाकडे आणि मग फोनकडे गेला. कारखाना चालवायला दर आठवड्याला खप लागतो, खप पडला की पहिले जातात सहायक, आणि सहायक गेले की उद्याचे मुख्य चित्रकारही जातात, कारण ते त्यांच्यातूनच तयार होत होते. २०१२ मध्ये काउलून पार्कात चित्रकथांमधल्या पात्रांचे पुतळे उभे करून एक मार्ग सजवला गेला. पर्यटक फोटो काढतात. पुतळे उभारायची वेळ आली की धंद्याचं काय झालंय ते ओळखावं, असं एक कुजकट निरीक्षण नोंदवून ठेवतो.

वूश्या मात्र संपलेली नाही. ती गेममध्ये, वेबमालिकांत आणि फोनवर उभं सरकवत वाचायच्या चित्रकथांत गेली आहे, आणि तिथे पुन्हा मोठे चमू, पुन्हा कामाची वाटणी, पुन्हा नायक कंपनीचा. एकट्या हाताने काढणाऱ्याला जागा उरते ती मुखपृष्ठांत, प्रदर्शनांत, संग्राहकांच्या भिंतींवर. ली यांच्यासारखे चित्रकार आज चित्रकथाकार म्हणून जेवढे ओळखले जातात, तेवढेच शाईने काढणारे चित्रकार म्हणूनही.

पाहायचं असेल तर

चिनी येत नसली तरी अडत नाही, लढाई चित्रांवरूनच कळते. जिन योंग यांची एखादी भाषांतरित कादंबरी आधी थोडी वाचा म्हणजे कोण कुणाला का मारतंय ते कळेल. मग इंटरनेटवर मा विंग-शिंग यांचं ‘स्टॉर्म रायडर्स’मधलं एखादं रंगीत पान आणि ली ची चिंग यांचं एखादं शाईचं चित्र शेजारी शेजारी उघडा. चेहऱ्यांकडे शेवटी वळा. आधी पाय पाहा: वजन कुठल्या पायावर आहे, टाच उचललेली आहे का. मग कपडा कुठल्या दिशेला उडतोय ते पाहा आणि तो माणूस आत्ताच तिथे आलाय की निघालाय ते ठरवा. तलवार सगळ्यात शेवटी.